पोलो विकू की ठेवू? एक्सेल, आण्णा आणि खंबाटकी घाट

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातलं बोलणं तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत.)

हेडफोन लावून ऑफिसच्या बसमध्ये बसला असाल, तर आजचा विषय तुमच्यासाठीच आहे. आणि स्वतःची गाडी चालवत ऐकत असाल तर जरा जास्तच.

गेले दीड महिने माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. माझी पोलो जीटी विकायची आणि कमी पिणारी साधी गाडी घ्यायची का? मित्रांना विचारलं तर अर्धे म्हणाले, "वेडा आहेस का, अशी गाडी परत मिळणार नाही." उरलेले म्हणाले, "वेडा आहेस का, अजून विकली नाहीस?" म्हणजे मी वेडा आहे यावर एकमत झालं, पुढचं ठरेना.

आधी गाडीबद्दल सांगतो. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, २०२१ ची, ऑटोमॅटिक. इथल्याच चाकणच्या कारखान्यात बनलेली. २०१० पासून पोलो आपल्याकडे विकली जात होती आणि २०२२ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. इंजिन फक्त एक लिटरचं, तीन सिलिंडर, पण टर्बो असल्यामुळे ११० पीएस ताकद आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क. तुलनेसाठी, वॅगनआरचं इंजिनही एक लिटरचंच, त्यात ६७-६८ पीएस आणि साधारण ९० न्यूटन मीटर. लिटर तेवढंच, पण टॉर्क जवळजवळ निम्मा.

२०२१ च्या दिवाळीत घेतली. बीटेक झाल्यावर नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. आमच्या घरातली ती पहिली चारचाकी. वडील, म्हणजे आमचे आण्णा, एसटीत ड्रायव्हर होते, कराड डेपोला. आयुष्यभर चाळीस-पन्नास माणसं घेऊन गाडी चालवली, पण स्वतःची गाडी कधी नव्हती. मी पोलो घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा त्यांनी बॉनेटवर हात फिरवला आणि पहिला प्रश्न विचारला, "ॲव्हरेज किती देती?"

त्या वेळी मी हसलो होतो.

आता प्रश्न कुठून आला ते सांगतो. आम्ही एक फ्लॅट बुक केलाय. मार्चपासून पूर्ण ईएमआय सुरू होतोय, ३८ हजार. ताबा मिळेपर्यंत काही महिने भाडंही भरायचं, ते १७ हजार. शिवाय आमच्या क्षेत्रात सध्या काय चाललंय ते तुम्हाला माहितीये. माझ्या शेजारच्या डेस्कवरचे दोघं जण उन्हाळ्यात गेले. सोमवारी होते, गुरुवारी लॅपटॉप परत करत होते. तेव्हापासून मला महिन्याचा खर्च बघायची सवय लागली.

त्यातच २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. आधी २८ टक्के आणि वर सेस होता. ऑफिसच्या ग्रुपवर रोज कोटेशनचे स्क्रीनशॉट. मी पण एक्सेल उघडलं.

माझं महिन्याचं रनिंग साधारण एक हजार किलोमीटर. आठवड्यातून तीन दिवस वारजे ते हिंजवडी, येऊन-जाऊन ४२ किलोमीटर. महिन्यातून एकदा कराड, येऊन-जाऊन ३२०. बाकी किरकोळ. म्हणजे ६८० शहरात आणि ३२० हायवेला. कंपनीचा पोलो जीटीचा दावा १६.४७ किलोमीटर प्रति लिटर. तो आकडा खोटा नसतो बरं का, पण तो लॅबमध्ये, रोलरवर गाडी ठेवून, ठरलेल्या वेगाच्या सायकलमध्ये काढलेला असतो. त्या सायकलमध्ये भूमकर चौक नसतो. मला शहरात १० मिळत होतं, हायवेला १६. महिन्याला ८८ लिटर. १०४ रुपयांनी धरलं तर ९,१५० रुपये.

मग नवी वॅगनआर सीएनजी टाकून बघितली. दावा ३४.०५ किलोमीटर प्रति किलो. मी ट्रॅफिक धरून शहरात २२ आणि हायवेला २७ लावलं. ४३ किलो, ८८ रुपये भाव, म्हणजे ३,८०० रुपये. महिन्याला ५,३५० वाचले! मी लगेच शोरूमला टेस्ट ड्राइव्ह बुक केली.

त्याच शनिवारी कराडला गेलो. आण्णांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ऑगस्टमध्ये झालंय. त्यांना तपासणीला पुण्याला आणायचं होतं. येताना मी नेहमीसारखाच चालवत होतो. मोकळं दिसलं की दाबायचं, पुढं ट्रक आला की ब्रेक. साताऱ्यापर्यंत ते गप्प होते. मग म्हणाले, "तू ब्रेक लई मारतोस."

मी म्हटलं, "आण्णा, ब्रेक नको मारू तर काय करू?"

"तसं न्हाय. ब्रेक मारायची पाळी का येती ते बघ. ब्रेक दाबला म्हंजी तेवढं डिझेल रस्त्यावर वतलं."

एसटीत केपीटीएल नावाचा आकडा असतो. दहा लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर गेली तो. आण्णांनी सगळी नोकरी त्या आकड्याकडे बघत काढली. मी इंजिनिअर, पण हे गणित माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. चालत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३० च्या वेगाला जेवढी असते त्याच्या चौपट ६० ला. सिग्नल लाल दिसत असताना मी ६० पर्यंत नेतो आणि ब्रेक मारतो, म्हणजे पेट्रोल जाळून मिळवलेली सगळी ऊर्जा ब्रेक डिस्क गरम करण्यात घालवतो. टर्बो गाडीत तर जास्तच, कारण पाय दाबला की टर्बो जास्त हवा आत ढकलतो आणि त्या हवेच्या हिशोबानं पेट्रोलही जास्त जातं.

मग मी एक महिना आण्णांच्या पद्धतीनं गाडी चालवली. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचं. लांबून सिग्नल दिसला की पाय काढायचा आणि गाडी आपोआप हळू होऊ द्यायची. हायवेला ८५-९० धरून बसायचं. पहिला आठवडा जीव नकोसा झाला. मागून सगळे हॉर्न मारत होते. पण टाकी फुल ते टाकी फुल मोजलं तेव्हा शहरात १२.५ आणि हायवेला १८ आलं. तीच गाडी, तोच रस्ता, आणि ९,१५० चे झाले ७,५०० रुपये.

इथं माझ्या एक्सेलला पहिला धक्का बसला. मी गाडीची गाडीशी तुलना करत होतो, पण त्या आकड्यात माझा पायसुद्धा होता.

दुसरा धक्का ऑफिसच्या बसनं दिला. पास अडीच हजारांचा. ते तीन दिवस बसनं गेलो तर गाडीचं रनिंग एक हजारावरून साडेचारशेवर येतं. पोलोचं पेट्रोल उरतं तीन हजारांचं. पास धरून साडेपाच हजार. म्हणजे गाडी न बदलता मी महिन्याला साडेतीन हजारांहून जास्त वाचवत होतो! हे लक्षात ठेवा मंडळी. मायलेजचा फायदा किलोमीटरवर अवलंबून असतो. गाडी कमी चालत असेल तर चांगलं मायलेज तुम्हाला फार काही वाचवून देत नाही. रोजचे ऐंशी किलोमीटर असतील तर सीएनजी घ्याच. माझे तेवढे नाहीत.

सीएनजीच्या बाकी गोष्टीही बघितल्या. वॅगनआरची डिकी जवळजवळ सगळी टाकीच खाते. टाटांच्या टियागोमध्ये दोन छोटे सिलिंडर खाली बसवलेत, तिथं जागा थोडी तरी उरते. पंपावरची रांग हा वेगळा विषय. आणि टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते, ती लोक विसरतात. आमच्याकडे आण्णांचा वॉकर डिकीत जातो, त्यामुळे डिकी नसणं चालणार नव्हतं.

तर मग पोलो ठेवायची? मी जवळजवळ ठरवलंच होतं. बायकोला एक्सेल दाखवलं. ती अकाउंट्समध्ये आहे. तिनं दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "यात गाडीचा हप्ता कुठाय?"

मी म्हटलं, "तो तर चालूच आहे ना. तो काय बदलणारे?"

"का नाही बदलणार?"

आता बघा, आम्ही कोड स्लो चालायला लागला की काय करतो? आधी प्रोफाइल करतो. वेळ नक्की कुठे जातोय ते बघतो, नाहीतर माणूस नको ते फंक्शन ऑप्टिमाइझ करत बसतो. मी दीड महिना पेट्रोल ऑप्टिमाइझ करत होतो. पेट्रोल ९ हजार. हप्ता १०,५००. सगळ्यात मोठा आकडा मी शीटमध्ये घेतलाच नव्हता, कारण तो दर पाच तारखेला आपोआप कट होतो आणि मला तो दिसतच नाही.

मग परत गणित मांडलं. पोलोला चाहते आहेत, त्यामुळे चार वर्षांनंतरही मला ६ लाख ४० हजारांची ऑफर आली. नव्या गाड्या स्वस्त झाल्यामुळे जुन्यांचे भाव उतरलेत, नाहीतर थोडे आणखी आले असते. कर्ज उरलंय २ लाख ३० हजार. ते फेडून हातात ४ लाख १० हजार. नवी सीएनजी घेतली तर ऑन-रोड ७ लाख ३० हजार, म्हणजे परत ३ लाख २० हजारांचं कर्ज. हप्ता साडेसहा हजार दिसतो, बरं वाटतं. पण पाच वर्षांत भरायचे जवळजवळ ४ लाख. पोलोचे उरलेले सगळे हप्ते मिळून अडीच लाख. हप्ता कमी झाला म्हणजे खर्च कमी झाला असं नसतं!

तिसरा पर्याय कोणीच सुचवला नव्हता. जुनीच घ्यायची. २०१९ ची वॅगनआर, पेट्रोल, एएमटी, ३८ हजार किलोमीटर, एका निवृत्त शिक्षिकेची, ३ लाख ७५ हजार. उरलेल्या ३५ हजारांत ट्रान्सफर, इन्शुरन्स आणि गरज पडली तर टायर. हप्ता शून्य. पेट्रोल अडीच हजार, बसचा पास अडीच हजार. आज माझे गाडीवर महिन्याला १९,६५० जातात, ते पाच हजारांवर येतील. मार्चनंतर घर चालवताना हा साडेचौदा हजारांचा फरक मोठा आहे. उद्या माझा लॅपटॉप कोणी परत मागितला तर आणखी मोठा.

आणि एक गोष्ट एक्सेलमध्ये बसत नव्हती. पोलोची उंची १,४६९ मिलिमीटर, वॅगनआरची १,६७५. जवळजवळ आठ इंचांचा फरक. पोलोत बसताना आण्णांना गुडघा वाकवून खाली जावं लागतं. दरवाजाला धरून ते दोनदा श्वास घेतात आणि म्हणतात, "काय न्हाय, बसतो." वॅगनआर बघायला गेलो तेव्हा ते पाठ टेकवून सरळ सीटवर बसले आणि पाय आत घेतले. बोलले काहीच नाहीत. मला कळलं.

खरं सांगू? वाईट वाटतंय. खूप. एकविसाव्या वर्षी कॉलेजच्या पार्किंगमध्ये सरांची पोलो बघून ठरवलं होतं की एक दिवस घ्यायची. ती घेतली, चार वर्षं चालवली. कोणी म्हणेल गाडीच आहे. असेल. पण ती माझी होती.

तुम्ही पण अशाच प्रश्नात असाल तर तीन कामं करा. एक, महिनाभर फुल टँक ते फुल टँक मोजा, स्क्रीनवरच्या आकड्यावर विसंबू नका. दोन, हप्ता शीटमध्ये घाला, आणि नव्या कर्जाची बेरीज शेवटच्या हप्त्यापर्यंत करा. तीन, गाडीत कोण बसणार आहे त्यांना एकदा बसवून बघा. आणि विकताना कागद नीट करा. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन कर्जाची नोंद काढा, ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३० भरा, नाव बदललंय याची खात्री करा आणि फास्टॅग बंद करा. नाहीतर दुसऱ्याचा टोल आणि दुसऱ्याचं चलान तुमच्या नावावर.

गाडी पुढच्या शनिवारी द्यायचीये. गेल्या रविवारी आण्णांना सोडायला कराडला गेलो, पोलोतून शेवटचं. पुण्याकडून जाताना खंबाटकीचा घाट चढून गेलो. मी आपला आण्णांच्या पद्धतीनं, अंतर ठेवून, हळू चढवत होतो. पुढं मोकळं होतं. आण्णा म्हणाले, "आता हितं तरी दाब की जरा."

दाबला. लिमिटमध्येच, पण दाबला. वर पोचल्यावर ते म्हणाले, "गाडी चांगली हाय."

चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ॲव्हरेज विचारलं नाही.

चला, भेटू पुढच्या भागात. तुमच्या शीटमध्ये कोणता आकडा राहून गेला होता ते मला नक्की सांगा. काळजी घ्या, आणि ब्रेक जपून!