लघवीची गोळी घेताना

(तळेघरच्या साक्षरता वर्गातील भाषण)



आज आम्ही एका लहानशा गोळीविषयी बोलणार आहोत. पायाला सूज आली, दम लागू लागला किंवा रक्तदाब वाढला, की डॉक्टर कधी कधी लघवी जास्त होण्याची गोळी देतात. फुरोसेमाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन ही अशा औषधांची नावे. या गोळीने अंगातले जादा पाणी आणि मीठ लघवीवाटे निघून जाते. हृदयावरचा भार हलका होतो. गोळी गुणाची आहे.

पण गुणाचे औषधही एखाद्याला बाधते. ते कसे, हे समजून घेऊ.

आपल्या पाठीत, कण्याच्या दोन बाजूंना, दोन मूत्रपिंडे असतात. हल्ली आपण त्यांना किडनी म्हणतो. एकेक मूत्रपिंड मुठीएवढे असते. त्यात सुमारे १० लाख बारीक नळ्या असतात. रक्तातली घाण गाळून लघवीवाटे बाहेर टाकायची, हे मूत्रपिंडाचे काम.

आता भाताचे खाचर डोळ्यांपुढे आणा. पाणी निघून जायला आपण चर काढतो. चराच्या कडेची माती भिजून फुगली आणि आत सरकली, तर पाणी जाईल कसं? तसेच इथे होते. एखाद्याच्या शरीराला ती गोळी मानवत नाही. शरीर तिला शत्रू समजते. मग नळ्यांच्या मधल्या भागाला सूज येते. नळ्यांचे काम मंदावते. यालाच मूत्रपिंडाचा दाह म्हणतात.

१९७३ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी चार रोग्यांची हकीकत छापली. सुजेसाठी त्यांना अशाच गोळ्या दिल्या होत्या. त्यांची मूत्रपिंडे काम करीनाशी झाली. औषध बंद करून उपचार केले, तेव्हा ती पुन्हा कामाला लागली. म्हणजे दुखणे वेळीच ओळखले तर बहुधा बरे होते. उशीर झाला तर मूत्रपिंड कायमचे अधू होऊ शकते.

असा दाह क्वचितच होतो. घाबरू नका, पण खुणा ओळखा. नवी गोळी सुरू केल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी ताप येतो. अंगावर लाल पुरळ उठते. सांधे दुखतात. मळमळते. लघवी कमी होते. सगळ्या खुणा एकाच माणसात दिसतात असे नाही. कधी तर रक्त तपासल्यावरच कळते.

लघवी कमी झाली, सूज वाढली, की कोणी म्हणेल, “आणखी एक गोळी घेऊ.” तिथेच घात होतो! मग गोळी सोडूनच द्यावी का? तेही मनाने करू नये. हृदयाच्या रोग्याने गोळी एकाएकी सोडली, तर छातीत पाणी साठून दम कोंडतो. त्याच दिवशी तळेघरचे आरोग्य केंद्र किंवा घोडेगावचे रुग्णालय गाठा. गोळीचे पाकीट बरोबर न्या. गोळी थांबवायची की बदलायची, ते डॉक्टर ठरवतील.

आणखी एक सांगतो. भातलावणीत कंबर मोडते, आणि आपण दुकानातून दुखण्याची गोळी आणतो. अशा काही गोळ्यांनी आणि काही जंतुनाशक औषधांनीही हाच दाह होतो. लघवीच्या गोळीबरोबर दुखण्याची गोळी घेतली, तर मूत्रपिंडावर दुहेरी भार पडतो. जुलाब-उलटी चालू असेल, तर धोका अधिकच. तेव्हा डॉक्टरांना आधी विचारा. शेजाऱ्याची गोळी आपण घेऊ नये, आपली शेजाऱ्याला देऊ नये.

आता तुम्हाला अक्षर येते. त्याचा इथे उपयोग करा. गोळीचे नाव आणि ती कधी सुरू केली, हे वहीत लिहून ठेवा. एखादे औषध बाधले, तर त्याचे नाव ठळक लिहा. पुढे कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात, तर ती वही आधी दाखवा. औषध बाधल्याची खबर सरकारला देण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा बिनपैशाचा फोन आहे.

वहीतली ती एक ओळ उद्या घरातल्या माणसाचा जीव वाचवील. आज घरी गेल्यावर पहिले पान लिहा.