बी.एस्सी. आणि नीट : दोन डगरींवर हात

(कोहिनूर येथे भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात आपल्या मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



आपल्या मंडळाची सभा म्हटली की सीमाप्रश्नावर भाषण होणार, अशी सवय आपल्याला पडली आहे. आज आम्ही तिथून सुरुवात करणार नाही. आज आम्हाला तीन शब्दांवर बोलायचे आहे. कोहिनूर, बसवकल्याण, भालकी, आळंद या पट्ट्यातल्या मराठी घरांत दर जून महिन्यात हे शब्द ऐकू येतात. नीटचा निकाल लागतो, गुण कमी पडतात, पोरगं किंवा पोरगी कोपऱ्यात बसते आणि घरातले कोणीतरी मोठे माणूस म्हणते, "सध्या बी.एस्सी.ला नाव घालून ठेव, पुढच्या वर्षी परत बसू."

नाव घालून ठेव. ऐकायला किती सोपे! पण या तीन शब्दांत किती मुलांची दोन-दोन वर्षे गेली, याचा हिशेब आपण कधी मांडला नाही. आमच्याही घरात मांडला नव्हता. आमच्या घरातल्या एका मुलीचे नाव आम्ही असेच घालून ठेवले. दिवसा कॉलेज, संध्याकाळी शिकवणी, रात्री प्रॅक्टिकलची वही. वर्षाअखेरीस पदवीचे दोन विषय राहिले आणि नीटचे गुण आदल्या वर्षीपेक्षाही खाली आले. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले. पुढे तिने राहिलेले विषय काढले, एम.एस्सी. केली आणि आज ती पीयूसीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. पण "मला कुणी आधी बसवून हिशेब सांगितला असता तर?" असे ती विचारते, तेव्हा आमच्याकडे उत्तर नसते. म्हणून आज तो हिशेब सांगतो.

मागच्या पिढीचा मार्ग वेगळा होता. आपला भाग निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि तिथे वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकवले गेले. घरी मराठी, बाजारात कानडी, कचेरीत उर्दू अशी आपल्या आजोबा-पणजोबांची तऱ्हा होती. भाषा परकी म्हणून ते मागे हटले नाहीत. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली, बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले आणि आपण इकडे राहिलो. १९६३ साली कलबुर्गीला रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्या काळात शेवटच्या परीक्षेतले गुण पाहून प्रवेश मिळत असे. एक अभ्यास, एक परीक्षा. पुढे प्रवेश परीक्षा आल्या, १९९४ साली कर्नाटकात सीईटी कक्ष उभा राहिला, आणि त्यानंतर साऱ्या देशाला नीट लागू झाली. तेव्हापासून बारावीचे गुण आणि डॉक्टरकीचे गुण वेगळे झाले. एकाच मुलाला दोन अभ्यास करावे लागू लागले. पदवीला असताना नीट देणाऱ्याचे ओझे तर त्याहून जास्त.

हे ओझे नेमके कुठे पडते ते पाहा. २०२५ च्या परीक्षेत १८० प्रश्न होते, ७२० गुण, वेळ तीन तास. जीवशास्त्राचे ९० प्रश्न, रसायनाचे ४५, भौतिकशास्त्राचे ४५. बरोबर उत्तराला चार गुण, चुकले तर एक कमी. आता आपली मुले बी.एस्सी.ला बहुधा रसायन, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतात. घरच्यांना वाटते, तेच विषय आहेत, आपोआप तयारी होईल. तसे होत नाही. पदवीचा अभ्यास खोल जातो. शैवाल, बुरशी यांवर महिना-महिना जातो. नीट मात्र अकरावी-बारावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातली ओळ न् ओळ विचारते. आणि भौतिकशास्त्र? या विषयगटात त्याचे नावसुद्धा वर्षभर निघत नाही. १८० गुणांचा विषय धूळ खात पडतो. आपल्याकडची बहुतेक मुले अडतात ती तिथेच.

दुसरी अडचण तारखांची. नीट साधारणपणे मे महिन्याच्या पहिल्या रविवारी होते. २०२३ ला ७ मे, २०२४ ला ५ मे, २०२५ ला ४ मे. नेमक्या त्याच सुमारास पदवीच्या दुसऱ्या सत्राच्या अंतर्गत चाचण्या, प्रॅक्टिकल आणि परीक्षेची घाई. हजेरी ७५ टक्के भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही. हजेरीसाठी वर्गात बसायचे आणि मन नीटमध्ये, अशी मुलाची ओढाताण होते.

मग दोन्ही करूच नये का? आमचे म्हणणे तसे नाही. करता येते, पण हिशेबाने. गावातून सकाळी बस धरणारा मुलगा संध्याकाळी पाच-साडेपाचला घरी येतो. पहाटे दोन तास, रात्री तीन तास धरा. त्यातला एक तास पदवीच्या वह्यांना. उरले चार. सहा दिवसांचे चोवीस आणि रविवारचे आठ मिळून आठवड्याला बत्तीस तास. ऑगस्टपासून एप्रिलअखेर साधारण अडतीस आठवडे, त्यातून सत्र परीक्षांचे सहा वगळा. बत्तीस आठवडे गुणिले बत्तीस तास, म्हणजे सुमारे हजार तास हाती लागतात. हजार तास थोडे नाहीत. पण ते तूर विकून आलेल्या पैशासारखे आहेत. आधी वाटणी केली नाही तर कुठे गेले ते कळत नाही.

आमची वाटणी अशी. साडेतीनशे तास भौतिकशास्त्राला, कारण कॉलेज ते देणार नाही. साडेतीनशे जीवशास्त्राला, दोनशे रसायनाला. उरलेले शंभर तास पूर्ण प्रश्नपत्रिकांना. रविवारी दुपारी दोन ते पाच, घड्याळ लावून, मध्ये चहासुद्धा नाही. खरी परीक्षा दुपारीच असते, जेवणानंतर डोळे मिटायला लागतात त्याच वेळी. तेव्हा सवयही त्याच वेळेची हवी.

विद्यार्थी मित्रांनो, नाव घालण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. एक, मागच्या वेळी गुण कुठे गेले? एका विषयात पडले असतील तर एक वर्ष पदवीबरोबर झेपेल. तिन्ही विषय कच्चे असतील तर दोन डगरींवर हात ठेवू नका. एक वर्ष पूर्ण नीटला द्या, किंवा पदवी मनापासून करा. दोन, किती वेळा बसणार? वयाची वरची मर्यादा २०२२ साली काढून टाकली, कितीही वेळा बसता येते. म्हणूनच आपली मर्यादा आपणच घालायची. तीन, पुन्हा जमले नाही तर? हा प्रश्न अपशकुनी नाही. पदवी ही डॉक्टरकीच्या गाडीची वाट पाहायची जागा नव्हे. ती नीट केली तर एम.एस्सी. आहे, बी.एड. आहे, संशोधन आहे. बिदरला तर राज्याचे पशुवैद्यकीय विद्यापीठच आहे; देवणी गाईच्या या मुलखात जनावरांच्या डॉक्टरची वाट किती गोठ्यांत पाहिली जाते हे तुम्हाला सांगायला नको.

आता पालकांनो, तुमच्याकडे वळतो. मुलाने दोन अभ्यास करायचे आणि घराने काहीच सोडायचे नाही, हे चालणार नाही. या हजार तासांतले निम्मे तास घरच खाते. लग्नसराई, जत्रा, पाहुणे, सोयाबीनची काढणी. आणि मुलगी असेल तर पहाटेचे दोन तास चूल आणि पाण्यात जातात. तिच्या भावाला "अभ्यास कर" म्हणतो आणि तिला "आधी एवढं आवर" म्हणतो. तिचे ते दोन तास तिला परत द्या, शिकवणीच्या फीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. जमीन विकण्याची घाई करू नका. कर्ज काढून मोठ्या शहरात पाठवले म्हणजे जबाबदारी संपली असे नाही. आणि मुलाला वडिलार्जित एकरांचा हिशेब रोज ऐकवू नका. ते ओझे घेऊन परीक्षेच्या खोलीत बसलेल्या मुलाला भौतिकशास्त्राची सूत्रे आठवत नाहीत.

कागदपत्रांचे दोन शब्द, कारण इथे आपली मुले हकनाक मरतात. आपल्या पट्ट्यातून लातूरला अकरावी-बारावीला पाठवण्याची रीत आहे. लातूरचे नाव मोठे आहे, ते कष्टाने झाले आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातली जागा हवी तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागते, शिवाय अधिवास. कर्नाटकच्या सरकारी जागेसाठी इथल्या शाळा-कॉलेजांत किमान सात वर्षांचे शिक्षण आणि इतर अटी लागतात. दहावी इकडे, बारावी तिकडे केलेला मुलगा कधी कधी ना इकडचा राहतो ना तिकडचा. सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी महाराष्ट्राने वेगळ्या जागा ठेवल्या आहेत, पण त्या मोजक्या आहेत. तेव्हा मुलाला गाव सोडायला लावण्याआधी दोन्ही राज्यांच्या त्या वर्षीच्या प्रवेश पुस्तिका वाचा. बी.एस्सी.ला नाव घालताना मूळ मार्क्स कार्ड आणि टी.सी. कॉलेजात जमा होते. ती ऐनवेळी परत कशी मिळेल तेही आधीच विचारून ठेवा.

आणि ३७१-जे कलमाचा दाखला. ९८ व्या घटनादुरुस्तीने आपल्या भागाला हा हक्क मिळाला. त्याखालच्या २०१३ च्या नियमांनी भागातल्या कॉलेजांत ७० टक्के आणि इतर ठिकाणच्या राज्य पातळीवरील संस्थांत ८ टक्के जागा स्थानिकांना ठेवल्या आहेत. बिदरला २००७ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, कलबुर्गीलाही आहे. या दाखल्यात मातृभाषा विचारत नाहीत. काही जुन्या घरांना वाटते की हा दाखला काढला म्हणजे सीमाप्रश्नावरची आपली भूमिका सुटली. आम्ही स्पष्ट सांगतो, सुटत नाही. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तिथे चालेल. मुलांचा जून दरवर्षी येतो, तो थांबत नाही. सहायक आयुक्तांच्या कार्यालयातून दाखला आधीच काढून ठेवा.

आता ज्या विषयासाठी मंडळाने उभे राहायला हवे, तो. २०१७ पासून नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही निघते. आनंदाची गोष्ट. पण नियम असा झाला आहे की मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. बिदर किंवा कलबुर्गीच्या केंद्रावर बसणाऱ्या आपल्या मुलाला इंग्रजी, हिंदी, उर्दू, कन्नड मिळेल, मराठी नाही. मराठी हवी तर लातूर-सोलापूरचे केंद्र मागा, आदल्या दिवशी निघा, मुक्काम करा. म्हणजे घरी मराठी बोलणाऱ्या, मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेल्या मुलाला आपली भाषा मिळवायला सीमा ओलांडावी लागते.

आम्ही याचा बाऊ करत नाही. आपल्याकडे अकरावी-बारावीचे विज्ञान बहुधा इंग्रजीतच असते. संज्ञा इंग्रजीतच पाठ कराव्या लागतात आणि अर्थात शंका आली तर इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरतात. मराठी प्रश्नपत्रिका मिळाली म्हणून कुणी डॉक्टर होत नाही. पण लांबलचक प्रश्नाखाली आपल्या भाषेतली ओळ असली तर "पुढीलपैकी कोणते विधान चूक आहे" यातला 'चूक' शब्द घाईत सुटत नाही. पाच प्रश्न वाचले तरी ते वीस गुण झाले, आणि वीस गुणांत हजारो मुले मागेपुढे होतात. १९५६ सालीच घटनेत ३५०-अ आणि ३५०-ब ही कलमे घातली गेली. भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राचा आयुक्त त्यातूनच आला. तेव्हा आमचा प्रस्ताव असा आहे : बिदर, कलबुर्गी आणि बेळगाव इथल्या केंद्रांवर मराठी प्रश्नपत्रिका मिळावी, असे निवेदन या सभेच्या सह्यांनिशी भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे पाठवावे. कुणाच्या विरोधात नाही. कन्नड मुलाला महाराष्ट्रातल्या जत-अक्कलकोटच्या बाजूला कन्नड प्रश्नपत्रिका मिळावी, असेही त्याच निवेदनात लिहावे. न्याय मागायचा तर दोन्ही बाजूंचा मागावा.

निवेदनाचे काय होईल ते होईल. तोवर आपल्या हातातले आपण करू. मंडळाच्या खोलीत रविवारी दुपारी दोन ते पाच प्रश्नपत्रिका सोडवायला जागा देऊ. घड्याळ आमचे, बाके आमची. भौतिकशास्त्र शिकवू शकणारे आपल्यातले निवृत्त शिक्षक आठवड्याला दोन तास देतील, तर त्यांच्या पायाशी बसायला मुले तयार आहेत. ज्यांची मुले डॉक्टर झाली त्यांनी एक दिवस येऊन आपण कुठे चुकलो होतो ते सांगावे. कसे जिंकलो हे नंतर सांगितले तरी चालेल.

पुढच्या जूनमध्ये तुमच्या घरात निकाल लागेल आणि गुण कमी पडतील, तर "नाव घालून ठेव" म्हणू नका. मुलाला समोर बसवा, कागद घ्या आणि विचारा, "तुझे हजार तास कुठे घालायचे?" ते त्याचे त्याला ठरवू द्या. त्याने एकदा ठरवले की मग सगळ्या घराने त्याच्या मागे उभे राहायचे.