मोटारीची वातानुकूलन-दुरुस्ती : एक स्वतंत्र व्यवसाय



औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणास स्वतःचे गॅरेज काढावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सर्व कामे करणारी गॅरेजे आपल्या गोव्यात नाक्यानाक्यावर आहेत. त्या रांगेत आणखी एक पाटी लावण्यापेक्षा एकच काम पत्करून त्यात प्रावीण्य मिळवावे, असे मला सुचवावयाचे आहे. ते काम म्हणजे मोटारींच्या वातानुकूलन यंत्रणेची दुरुस्ती. मी कलाशाखेचा पदवीधर. पाना कधी हाती धरलेला नाही. मात्र ग्राहक म्हणून या विषयाची किंमत मोजली आहे.

माझ्या मोटारीत थंडावा येईनासा झाला, तेव्हा एका कारागिराने गॅस भरून दिला. पुढील उन्हाळ्यात पुन्हा भरला. तिसऱ्या वर्षी कॉम्प्रेसरच जाम झाला. वस्तुतः ही यंत्रणा बंदिस्त असते. तीतील गॅस पेट्रोलप्रमाणे खर्च होत नाही. वर्षभरात तो संपतो, याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. शिवाय कॉम्प्रेसरला लागणारे तेल गॅसबरोबरच फिरत असल्याने गॅस घटला की तेलही पुरेसे परतत नाही. त्यात आपल्याकडील खारी, दमट हवा पुढील बाजूच्या ॲल्युमिनियमच्या कन्डेन्सरला कुरतडते. नुसता गॅस भरणारे पुष्कळ आहेत. गळती शोधणारा हवा आहे.

त्यासाठी गेजचा संच, व्हॅक्यूम पंप, कोरड्या नायट्रोजनचा सिलिंडर आणि वजनकाटा ही साधने प्रथम घ्यावीत. नायट्रोजन दाबाने भरून साबणाच्या पाण्याने गळतीची जागा सापडते. नंतर पंपाने आतील हवा व ओल काढून टाकावयाची. घाईच्या दिवसांत नेमकी हीच पायरी गाळली जाते. गॅसही अंदाजाने नव्हे, वजनाने भरावयाचा. किती ग्रॅम, ते बहुधा बॉनेटखालील चिठ्ठीवर छापलेले असते.

जुना गॅस हवेत सोडू नये. ओझोनच्या थराला बाधक असलेल्या आर-१२ वर १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने नियंत्रण आले. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला निरुपद्रवी असला, तरी वातावरण तापविण्याची त्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक आहे. अशा वायूंचा वापर घटविण्याच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीस भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. म्हणून गॅस परत काढून घेणारे यंत्र, महाग असले तरी, व्यवसाय स्थिरावताच घ्यावे.

विजेवर चालणाऱ्या मोटारींचा कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर फिरतो. त्यात नेहमीचे तेल मिसळल्यास विद्युतरोधन बिघडते. स्वतंत्र प्रशिक्षण घेतल्यावाचून त्यास हात लावू नये. येथे चूक जिवावर बेतू शकते.

भांडवलासाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्जाची सोय करण्यात आली. तथापि पहिल्याच दिवशी सर्व यंत्रे कर्जाने आणू नयेत. मार्च ते मे गर्दी होईल. पावसाळ्यात काचांवरील धुके घालविण्यासाठीही ही यंत्रणा लागते, तरी काम ओसरेल आणि हप्ता मात्र थांबणार नाही.

ज्या तरुणाने अखेर माझी मोटार दुरुस्त केली, त्याने गळतीची जागा मला दाखविली, खराब सील हातात दिले आणि भरलेल्या गॅसचे ग्रॅम पावतीवर लिहिले. ती पावती अजून माझ्या मोटारीच्या खणात आहे.