कुत्रा घरात लघवी करू लागला तर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या समारंभात कुत्र्याच्या लघवीवर बोलावयाचे म्हणजे काहींना हसू येईल. खुशाल हसा. पण ती पुसावी लागते आपल्यालाच, आणि तिच्यावरून घरात होणारी बोलाचालीही आपल्यालाच ऐकावी लागते. त्या बोलाचालीचा शेवट ठरलेला असतो : "काढा त्याला बाहेर!" इतर ठिकाणी या शब्दांचा अर्थ एवढाच, की कुत्रा अंगणात निजेल. आपल्या जुन्नर-आंबेगावात मात्र त्याचा अर्थ निराळा आहे.

कुकडी प्रकल्पाची धरणे झाली. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि तिकडे आंबेगावात डिंभे. शेतांना पाणी आले, ऊस वाढला, आणि उसात बिबट्या वस्तीला आला. त्याची पिलेही आता उसातच होतात. शेजारच्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा गोळा करून त्याचा आहार तपासला. 2016 साली छापून आलेल्या त्यांच्या लेखात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, शेकडा 39. साखळीने बांधलेल्या कुत्र्याला तर पळताही येत नाही. शिवाय बिबट्या ओट्यापर्यंत येतो तो कुत्र्यासाठी, आणि त्याच घरात आपली लेकरे निजलेली असतात. म्हणून मळ्यातल्या वस्तीवरची पुष्कळ घरे आता रात्री कुत्रा आत घेतात, आणि ते योग्यच आहे.

प्रश्न उरतो तो असा : दोन वर्षे ज्याने घरात थेंब सांडला नाही, तो कुत्रा एकाएकी गोधडीवर, कणगीच्या कोपऱ्यात लघवी का करू लागला? माझे सांगणे एकच आहे. सवय लागलेला जीव खोडी म्हणून ती मोडत नाही. काठी उचलण्यापूर्वी कारण पाहावे.

पहिले कारण दुखणे. वरचेवर थोडी थोडी लघवी होते का? कुंथतो का? रक्त दिसते का? मूत्रमार्गाचा दाह किंवा खडा असू शकतो. नर कुत्रा कुंथतो आणि थेंबही येत नाही, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नये. तो जीवावरचा प्रसंग आहे. पाण्याचेही माप ठेवावे. पंधरा किलोचा कुत्रा दिवसाला साधारण लिटरभर पाणी पितो. तो दीड लिटराच्या वर जाऊ लागला तर मधुमेह किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असू शकते. म्हातारी कुत्री किंवा शस्त्रक्रिया झालेली कुत्री झोपेत गळते, हे तिला कळतही नाही. त्यावर औषध आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात नेताना स्वच्छ बाटलीत ताजी लघवी न्यावी. मात्र लघवी होते म्हणून पाणी कधी तोडू नये.

दुसरे कारण भीती. फटाके, लग्नाचा बँड, किंवा उसाकडून आलेला बिबट्याचा वास. आपल्याला तो येत नाही, पण कुत्र्याला येतो, आणि मग तो संध्याकाळी उंबरा ओलांडायलाच तयार होत नाही. धनी ओरडला की खाली दबून मुतणारा कुत्राही भिऊनच मुतत असतो. अधिक ओरडल्याने ते वाढते.

तिसरे कारण खूण करण्याचे. नर पाय वर करून खांबावर, पोत्यावर थोडीशी धार सोडतो. घरात नवे जनावर आले की विशेष. खच्चीकरणाने हे पुष्कळ वेळा कमी होते.

चौथे कारण आपले. दिवसभर मोकळा फिरणारा कुत्रा आपण दिवेलागणीलाच आत कोंडतो आणि उजाडल्यावर सोडतो. हिवाळ्यात हे बारा-तेरा तास होतात. इतका वेळ त्याने कसे धरावे?

उपाय असा. संध्याकाळची भाकरी ऊन असतानाच घालावी. अंधार पडण्यापूर्वी दोरीने त्याच त्या जागी न्यावे आणि मुकाट्याने उभे राहावे. लघवी झाली की तिथल्या तिथे शाबासकी आणि भाकरीचा तुकडा द्यावा. घरी आल्यावर दिला तर त्याचा अर्थ त्याला लागत नाही. पहाटे नेण्याची घाई करू नये, चांगले उजाडू द्यावे. रात्री मुलाला कुत्र्याबरोबर मुळीच धाडू नये, आणि अंधारात अंगणात वाकून किंवा बसून काही करू नये.

रात्रीसाठी बंद पडवीत किंवा न्हाणीत रुंद घमेल्यात माती भरून ठेवावी आणि तिच्यात त्याच्या नेहमीच्या जागेची ओली माती मूठभर मिसळावी. वासाने त्याला जागा कळते. पहिले पंधरा दिवस आपणच तिथे न्यावे.

आता पुसण्याविषयी. वास राहिला तर कुत्रा पुन्हा तिथेच जातो. आधी कोरड्या फडक्याने दाबून टिपावे, मग धुण्याच्या पावडरीच्या पाण्याने धुवावे. फिनेलने वास आपल्या नाकाला झाकतो, त्याच्या नाकाला नव्हे. शिवाय फिनेल लागलेले पाय तो चाटतो. लघवीवर ब्लीचिंग पावडर टाकू नये, घसा जाळणारा वायू सुटतो. सारवलेली जमीन असेल तर तेवढा पोपडा खरवडून काढावा, नवी माती दाबावी आणि मग सारवावे. गोधडी उन्हात वाळवावी. नंतर हात साबणाने धुवावेत, कारण कुत्र्याच्या लघवीतून लेप्टोचा आजार माणसाला होऊ शकतो. कुत्र्याला त्याची लस मिळते; रेबीजच्या लशीबरोबर तीही टोचून घ्यावी.

आणि नाक घासणे, मागाहून बडविणे हे बंद करावे. तासापूर्वीच्या लघवीचा आणि आत्ताच्या माराचा मेळ कुत्र्याला घालता येत नाही. तो एवढेच शिकतो, की माणसासमोर लघवी करणे धोक्याचे. मग तो कणगीमागे लपून करतो आणि आपल्याबरोबर बाहेर आला तरी करीत नाही.

भगिनींनो, घरात आत कोणी निजावे हे अनेकदा घरातला कर्ता पुरुष ठरवितो. पण कुत्र्याला भाकरी घालणारा हात आपला असतो, म्हणून बदल प्रथम आपल्या नजरेला पडतो. तो वेळीच सांगावा आणि दवाखान्याचा हट्ट धरावा. पंधरा दिवसांची चिकाटी आणि एक घमेले माती एवढ्यावर पुष्कळदा काम भागते. ज्याने इतकी वर्षे आपले दार राखले, त्याच्यासाठी रात्री ते दार आतून लावून घेणे आपल्याला जड नाही.