पट काढा, मग भाव सांगा

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतलं बोलणं)



गणपतीला आलेले चाकरमानी परत जाताना आपल्याकडून कुळथाची पिठी, आमसुलं नेतात. कोणाला एक पाकीट हवं असतं, कोणी नातेवाइकांसाठी एकदम १८ किलो मागतं. आपण अंदाजाने भाव सांगतो आणि इथेच आपली मजुरी बुडते.

म्हणून आज एकच गोष्ट बघू, पट काढणं. हवं असलेलं माप भागिले हिशोब केलेलं माप, म्हणजे पट. समजा, ५ किलो पिठीला कुळीथ, सरपण, दळण आणि आपली मजुरी मिळून ९०० रुपये लागले. ऑर्डर १८ किलोची आहे. १८ भागिले ५, म्हणजे ३.६ पट. ९०० गुणिले ३.६, झाले ३,२४० रुपये. हा नुसता खर्च, नफा याच्यावर. "साडेतीनपट धरू" म्हटलं तर ३,१५० होतात. ९० रुपये कमी!

हे काही नवीन नाही हं. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, दिडकी पाठ करून घ्यायचे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. तोही पटच. आता मोबाईलवर कॅल्क्युलेटर आहे.

लहान पाकिटाचीही तीच रीत. आमसुलं ४०० रुपये किलो धरली, तर २०० ग्रॅम म्हणजे ०.२ पट, ८० रुपये. पण थांबा! पाकीट आणि लेबलचा खर्च वजनावर नसतो, नगावर असतो. तो ८ रुपये धरला तर ८८ झाले. ८० ला विकलं तर किलोच्या ५ पाकिटांमागे ४० रुपये गेले. सरस प्रदर्शनात २० किलो विकलीत, तर ८०० रुपये गेले!

रिक्षाभाडं तिसऱ्या प्रकारचं. ५ किलो न्या नाहीतर १८ किलो, फेरी एकच. त्याला पट लावायचा नाही, पूर्ण भाडं सगळ्या मालावर वाटायचं.

तर वहीत तीन रकाने पाडा: वजनावर वाढणारा खर्च, नगावर वाढणारा खर्च आणि एकदाच होणारा खर्च. पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने आपल्या एका मालाचा असा हिशोब आणायचा. गिऱ्हाईक घासाघीस करणारच. पण किती खाली उतरायचं आणि कुठे "नाही परवडत" म्हणायचं, ते आपल्याला वही सांगेल.