दहा श्वासांमागे एक मणी



तान्ह्या लेकराची छाती कधी नीट निरखून पाहिलीय? ते गाढ झोपलेलं असलं तरी ती भरभर वरखाली होत असते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठावर गेले, किंवा त्याहून मोठ्या तान्ह्याचे पन्नासावर, की न्यूमोनिया धरून चालायचं. एक्स-रे नको, काही नको. मोजता आलं की झालं.

पण मोजायचं कुणी? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतून सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९८६ साली गडचिरोलीत कामाला लागले. तिथं बाळाजवळ असायची ती गावची दाई. अनुभव दांडगा, पण अक्षरओळख नाही. दहापर्यंत ठीक, साठ म्हटलं की आकडे वाटेतच सांडायचे.

मग डॉक्टरांनी एक साधन बनवलं. मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक अगदी तान्ह्यांसाठी, दुसरी थोड्या मोठ्यांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत तो सरकला, की न्यूमोनिया. मला विचाराल तर मोठमोठ्या यंत्रांपेक्षा हे अवघड काम. दाईला शिकवण्याआधी डॉक्टरांना स्वतःचं बरंच शिक्षण बाजूला ठेवावं लागलं असणार!

औषधही गावातच दिलं जाई. १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात बंग दांपत्याचा अभ्यास आला. आरोग्यसेवक आणि दायांनी उपचार केलेल्या न्यूमोनियाच्या मुलांत मृत्यू शेकडा एकाहूनही कमी होते. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत साडेतेराच्या घरात. पुढे एकोणचाळीस गावांत आरोग्यदूत बायका घरोघरी जाऊन नवजात बाळं सांभाळू लागल्या. गरज पडली तर इंजेक्शनही त्याच देत. शहरातल्या कितीतरी डॉक्टरांच्या भुवया उंचावल्या असतील!

आता घरोघरी आशाताई, म्हणजे सरकारच्या आरोग्य कार्यकर्त्या, येतात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी बेचाळीस दिवसांत सहा फेऱ्या, घरी जन्मलं तर सात. पिशवीत थर्मामीटर, झोळीचा वजनकाटा, घड्याळ. त्या दारात आल्या की घरातला टीव्ही, आणि हो, हा रेडिओसुद्धा, मिनिटभर बंद करा. त्यांना श्वास मोजायचे असतात.