जुना पडदा, स्पष्ट टिंब

पन्नाशीनंतर अनुस्वार डोळ्यांना हुलकावणी देऊ लागतो. कवितेत ‘रंग’चा ‘रग’ झाला, तर ओळच बिघडते. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुना, पण मोठा मॉनिटर घ्यायला गेलो. दुकानदाराने फुलांचे चित्र लावले. मी म्हटले, “भाईजान, आधी कोरे पान दाखवा.” पांढऱ्या पानावर मेलेले ठिपके दिसतात, काळ्यावर कडेने झिरपणारा उजेड. वापराने आतला दिवा मंदावतो, म्हणून उजेड पूर्ण वाढवूनही पाहिला. घरी संगणकात पडद्याचे मूळ माप, १९२० बाय १०८०, निवडले. दुसरे निवडले की रफार, मात्रा पुसट होतात. आता प्रुफे तपासताना टिंब न् टिंब दिसते. नव्याच्या निम्म्याहून कमी पैशांत डोळ्यांना एवढा विसावा मिळत असेल, तर जुन्याला नावे का ठेवावीत?